उलटतपास बाकी आहे

दिगंबर,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी प्रशांतशेजारी बसलो होतो. आपणहून नाही बसलो, त्यानंच हाताला धरून बसवलं. नांदेडच्या तुझ्या थोरल्या भावाचा, नरहरदादाचा हा मुलगा. ज्या बापलेकांशी तू अठरा वर्षं कोर्टात भांडलास त्यांतला लेक. फार अदबीनं वागला. माझ्या पानात बुंदी वाढायला लावली. मी म्हणालो, राहू दे, मला साखर आहे. तसं त्यानं वाढप्याला थांबवलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "किती दिवसांपासून हाय, चाचा? आणखी काय काय हाय?" मी भोळेपणानं सांगत बसलो. साखर आहे, दम लागतो, गेल्या उन्हाळ्यात छातीत दुखून चार दिवस दवाखान्यात होतो. डॉक्टर कोण, गोळ्या कोणत्या, जिना चढता येतो का, सगळं त्यानं नीट विचारून घेतलं. हात धुवायला उठलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा काळजी करत नव्हता, अंदाज घेत होता.

तुझ्यावर लेख लिहायचा तर मला तो येणार नाही. चाळीस वर्षं लातूरच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला टायपिस्ट मी. 'कारणे अर्ज करतो की' इथून सुरुवात आणि 'येणेप्रमाणे विनंती' इथं शेवट, मधल्या जागेत ज्याचं त्याचं दुखणं. तुझ्या शाळेनं मुरुडला शोकसभा घेतली. गणिताचे गुरुजी म्हणून तू किती मोठा होतास, तुझी किती पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, ते सगळ्यांनी उठून सांगितलं. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी मान हलवून नको म्हटलं, कारण मला जे बोलायचं होतं ते फुलं वाहिलेल्या फोटोसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

मला आठवतं ते तुझं लाल पेन. सुट्टीच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन बसायचास आणि मशीनमधून निघालेला कागद उचलून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचास. पक्षकाराचा अर्ज, त्यावर तुझ्या लाल खुणा. एकदा उमरीचा एक म्हातारा रडकुंडीला आला होता, त्याला वाटलं जज्जसाहेबांनी अर्ज फेटाळला. मी तुला शिव्या घातल्या, कागद पुन्हा टाईप केला, आणि तू शांतपणे म्हणालास, "आता बरोबर झाला बघ." तुला चूक दिसली की राहवत नसे. म्हणून तर मला तुझं पुढचं वागणं इतकी वर्षं उलगडलं नाही.

भूकंपाच्या तिसऱ्या दिवसाचं मी आजवर कुठं बोललो नव्हतो. तुमच्या गावातलं घर पहाटे बसलं, तुझ्या माई त्याच्याखाली गेल्या आणि तुझ्या वडिलांना, अण्णांना, तू आणि गावकऱ्यांनी जिवंत काढलंत. त्यांना ट्रॅक्टरमधून लातूरच्या घरी आणलं. बरगड्या मोडलेल्या, पाय नुसता लोंबत होता, पण जीभ शाबूत आणि डोकं आपल्या दोघांपेक्षा ठिकाणावर. दवाखान्यांत जागा नव्हती. एक डॉक्टर येऊन बांधून गेले. घरात निजायला अण्णा तयार नव्हते, तेव्हा कुणीच तयार नव्हतं, सगळं लातूर रस्त्यावर आणि अंगणात झोपत होतं. अंगणात ताडपत्रीखाली बाजेवर पडून त्यांनी तुला सांगितलं, मुनीरला बोलव, मशीन घेऊन ये म्हणावं.

मी स्टुलावर मशीन ठेवून बसलो. अण्णा एकेक वाक्य थांबून थांबून सांगत होते. शेत दोघा पोरांना सारखं. लातूरचं घर सुशीलाला, म्हणजे तुझ्या थोरल्या बहिणीला, आक्कांना. त्यांना नवऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माहेरी आणून सोडलं होतं, ते काही अण्णा बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "शेत हाललं तरी शेतच ऱ्हातं. पोरीला घर पायजे." खाली मी तारीख टाकली. अण्णांनी पडल्यापडल्याच सही केली, त्यामुळं नाव जरा वर चढत गेलं. साक्षीदार दोन, शेजारचे जोशी मास्तर आणि मी. कागदाप्रमाणे सगळं करून घेण्याची जबाबदारी तुझ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा गेले. तोवर नरहरदादा नांदेडहून येऊन पोचला होता. त्यानं बापाच्या तोंडात पाणी घातलं, मी समोर उभा होतो. माईंच्या शेजारीच त्यांना ठेवायचं म्हणून तुम्ही त्यांना गावी घेऊन गेलात, त्यामुळं लातूरच्या कुठल्याच वहीत त्यांचं मरण लागलं नाही.

आणि गावात मेलेल्यांची यादी चालली होती. एक लांबलचक रजिस्टर. तारखेच्या रकान्यात पहिल्या ओळीत भूकंपाची तारीख आणि खाली पानंच्या पानं 'कित्ता', म्हणजे वरीलप्रमाणेच. लिहिणाऱ्यानं तुला विचारलं, घरातले किती? तू दोन नावं दिलीस. अण्णा चौथ्या दिवशी गेले असं तू सांगितलंस म्हणे. तो म्हणाला, भूकंपानंच गेले ना, मग वेगळं काय लिहायचं? आणि त्यानं अण्णांच्या नावापुढंही 'कित्ता' ओढला. तू खाली सही केलीस. गणिताच्या मास्तरानं, ज्याला माझा एक ऱ्हस्व उकार सहन होत नव्हता. मी तुला दोष देत नाही, त्या आठवड्यात कुणाचं डोकं जागेवर होतं?

दोष त्यानंतरचा आहे, आणि त्यात मी निम्मा आहे. पुनर्वसनाच्या नव्या गावात घर मिळायचं तेव्हा शपथपत्र द्यावं लागलं. आई आणि वडील दोघंही त्याच पहाटे घराखाली सापडून मयत झाले, असं तू लिहून आणलं होतंस. मी वाचून मशीन थांबवलं. तू म्हणालास, "रजिस्टरात तसंच हाय. येगळं लिहिलं तर चौकशी लागंल. टाईप कर." मी टाईप केलं. ज्या बोटांनी त्यांचं मृत्युपत्र टाईप केलं, त्याच बोटांनी लिहिलं की ते त्याच्या दोन दिवस आधीच गेले. तेव्हा आपल्या दोघांच्याही मनात आलं नाही की हे दोन कागद कधी एका फायलीत समोरासमोर येतील.

बरीच वर्षं आलेही नाहीत. आक्का घरात राहत होत्या, शेतं वाटून झाली होती, मृत्युपत्र तुझ्या ट्रंकेत होतं. मग लातूरला क्लासचा पूर आला. तुमच्या गल्लीत आधी एक क्लास निघाला, मग समोरासमोर चार. लोहा, उमरी, देगलूर, कुठून कुठून पोरं येऊन राहायला लागली. ज्याच्या घरात एक खोली रिकामी त्यानं कॉटबेसिस लिहून पाटी लावली. आक्कांनी ओसरीवर खानावळ काढली, पोरींना सकाळ-संध्याकाळ डबे द्यायला लागल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणावर तरी हक्कानं ओरडताना ऐकलं. भाजी टाकलेली त्यांना चालत नसे. तुमच्या दोन्ही बाजूंची घरं पाडून होस्टेलं उभी राहिली. मधलं तेवढं एक जुनं घर राहिलं, आणि नरहरदादाला आठवलं की ते अजून अण्णांच्याच नावावर आहे.

तू मृत्युपत्र घेऊन घराला आक्कांचं नाव लावायला नगरपालिकेत गेलास. त्यांनी सांगितलं, भावाची हरकत आहे, प्रोबेट आणा. म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं आधी कोर्टाकडून ठरवून आणा. बाहेर येऊन तू माझ्यासमोर आपल्या वकीलसाहेबांना विचारलंस, "किती दिस लागतेत?" ते म्हणाले, हरकत नसती तर सहा-आठ महिने. हरकत आहे, तर दोन-तीन वर्षं धरा. आक्का म्हणाल्या, तीन वर्षं काय, अशी जातील. तेव्हा त्यांचे केस काळे होते.

नरहरदादानं उत्तरात एकच मुद्दा घेतला. वडील भूकंपात मयत झाले, हा त्यांचा दाखला. मृत्युपत्र तिसऱ्या दिवशीचं. सबब ते बनावट. ज्यानं स्वतःच्या हातानं बापाला पाणी पाजलं होतं त्यानं शपथेवर हे लिहिलं. मी तो कागद वाचून तुझ्याकडं पाहिलं. तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. आपल्याला दोघांनाही कळलं होतं की उपाय एकच आहे. तू पिंजऱ्यात उभं राहायचं आणि सांगायचं, दाखल्यावरची तारीख चुकीची आहे, नाव मी दिलं, सही माझी, शपथपत्रही खोटं. पण तू शाळेत नोकरीला होतास. नोकरी गेली तर घरात पोरं शिकायची होती. मग पेन्शनचं आलं.

तेव्हापासून तुझे अर्ज सुरू झाले. साक्षीची तारीख लागली की आदल्या दिवशी तू माझ्या टेबलाशी. "मुनीर, एक अर्ज लिही की. तब्येत बरी न्हाई म्हणून." मी लिहायचो. अर्जदाराची प्रकृती ठीक नसल्यामुळे तो आज रोजी हजर राहू शकत नाही, सबब मुदत मिळावी. तू समोर शेंगदाणे खात बसलेला असायचास. कधी लग्नकार्य, कधी परीक्षेची ड्यूटी, कधी कागदपत्रं मिळाली नाहीत. लोक म्हणतात कोर्टात वेळ लागतो. लागतोच, साहेब बदलतात, संप होतात, फाईल सापडत नाही. पण या एका दाव्यात निम्म्या तारखा मी माझ्या हातानं टाईप केल्या आहेत, आणि दर अर्जानंतर आपण दोघं समोरच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचो. आपल्याला बरं वाटायचं. ते बरं वाटणं आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आपल्या अर्जाच्या खाली समोरच्या वकिलानं लिहायचं असतं, त्याला मुदत मान्य आहे की नाही ते. पहिली तेरा-चौदा वर्षं नरहरदादाचा वकील दर वेळी लिहायचा, सक्त हरकत. जोरात भांडायचा, म्हणायचा, हे मुद्दाम वेळ काढतात. मग जोशी मास्तर गेले. त्यानंतरच्या पहिल्याच अर्जावर त्यानं लिहिलं, हरकत नाही. पुढच्या अर्जावरही तेच. त्याच्या पुढच्याही. मला तो बदल दिसला होता, पण मी खूश झालो. म्हटलं, चला, कटकट मिटली, आता त्यांचंही रक्त निवलं. चार वर्षं मी खूश होतो.

एका दुपारी दुसऱ्याच कुणाच्या मृत्युपत्राचा अर्ज टाईप करताना वकीलसाहेबांनी मला सहज सांगितलं की सही केलेल्या साक्षीदारांपैकी एक तरी उभा राहावा लागतो. दोघंही गेले तर सह्या ओळखणारा शोधायचा, अक्षर जुळवायचं, आणि त्यात समोरच्याकडं आधीचा मृत्यूचा दाखला असला तर कुणी विश्वास ठेवत नाही. माझी बोटं मशीनवर तशीच राहिली. मास्तर गेले होते. उरलो मी. ते हरकत नाही म्हणत होते कारण त्यांना आता वेळच हवा होता. माझ्या मरणाची मुदत ते मागत नव्हते, आपणच त्यांना ती देत होतो, तुझ्या सहीनं आणि माझ्या मशीनवर.

मी तुला ते सांगितलं तो दिवस मला पुसून टाकता आला तर बरं होईल. तू निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याच हॉटेलात बसलो होतो. मी म्हणालो, दिगंबर, आता बस झालं, आता तरी उभा राहा आणि खरं सांग, ते आपल्या मरणाची वाट बघून राहिलेत. तू म्हणालास, दावा चालू आहे तोवर घर आहे तसंच ठेवायचा हुकूम आहे, आक्काला कुणी हात लावत नाही. "तारीख मिळाली म्हंजे आक्काला तेवढे दिस घर मिळालं. मी काय माझ्यासाठी करून राहिलो का?" मला इतका संताप आला. मी म्हणालो, "आक्काचं नाव पुढं करू नको. तू भितोस." तू कप खाली ठेवलास. चहा अर्धा होता. उठून गेलास.

त्यानंतरचा अर्ज तू माझ्याकडून टाईप करून घेतला नाहीस. पलीकडच्या झाडाखाली बसणाऱ्या नव्या माणसाकडं गेलास. मी लांबून बघत होतो. चाळीस वर्षांच्या दोस्तीत तू मला इतकं कधी दुखवलं नव्हतंस, आणि मीही तुला. मला वाटलं, करू दे राग, दोन महिन्यांत येईल टेबलाशी शेंगदाणे घेऊन. तारखेच्या दोन दिवस आधी मुरुडहून फोन आला. तू गेलास तरी वकीलसाहेबांकडं तुझा तो अर्ज तयारच होता, त्यांनी नंतर मला दाखवला. छातीत दुखत असल्यामुळे हजर राहता येत नाही. प्रकृती दोनदा चुकीचं टाईप झालं होतं आणि तू सुधारलं नव्हतंस. सगळ्या अर्जांमधला तो एकच खरा होता.

मी चुकीचं बोललो का, दिगंबर? तू भीत होतास हे खरंच होतं. पण तू दिलेल्या तारखांवर आक्का अठरा वर्षं त्या घरात राहिल्या, तेही खरं आहे. तुझ्या तोंडावर मी एकच खरं बोललो. दुसरं बोलायला तू थांबला नाहीस.

तेरवी झाल्यावर चार दिवसांनी आक्का माझ्या घरी आल्या. इतक्या वर्षांत त्या ईदला सोडून कधी आल्या नव्हत्या. खाली चटईवरच बसल्या. म्हणाल्या, रजिस्टरातलं त्यांना पहिल्यापासून माहीत आहे, तू स्वतःच सांगितलं होतंस, अण्णा गेले त्याच महिन्यात. मग त्या म्हणाल्या, "कोर्टात त्याचं नाव घेऊ नको, मुनीर. मेलेल्या माणसाला खोटारडा म्हणायचं आन् त्या घरात मी निजायचं, हे मला व्हनार न्हाई. तशीच एकेक तारीख घेत ऱ्हा. माझं काय, किती दिस ऱ्हायलेत?"

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की हिशेब तसा राहिलेला नाही. त्या अडुसष्टच्या, काटक, पंचवीस डबे उभ्यानं भरतात. मी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, पण मला तुमच्या गल्लीचा चढ चढताना दोनदा थांबावं लागतं. मी आधी गेलो तर मृत्युपत्र कागदाचा तुकडा आहे. घराचे वाटे पडतील, वाटे पडले की विकणं आलं, त्या जागी तिसरं होस्टेल उभं राहील. आक्कांना त्यांचा हिस्सा मिळेल आणि सत्तरीत भाड्याची खोली शोधावी लागेल. हे सगळं मी माझ्या मरणाबद्दल बोलत होतो, त्यामुळं नीट बोलता आलं नाही. त्या उठताना म्हणाल्या, तुझ्या मनाला पटेल ते कर, पण मला विचारू नकोस.

मी मग मशीनवर, म्हणजे आता कॉम्प्युटरवर, तुझ्या दाव्यातला शेवटचा अर्ज लिहिला. साक्षीदार वयस्क व आजारी असल्यामुळे त्याची साक्ष तातडीने नोंदवून घ्यावी. आजारी माणूस मीच आणि लिहिणाराही मीच. तुझ्या जागी आक्कांचं नाव लागलं, त्यांनी हात आखडून सही केली, माझ्याकडं न बघता. अर्ज समोर गेला. कित्येक वर्षांनी त्या वकिलानं पुन्हा लिहिलं, सक्त हरकत. घाई कसली, साक्षीदार तर रोज कोर्टाबाहेर बसलेला असतो, म्हणाला. प्रशांत मागच्या बाकावर बसून माझ्याकडं बघत होता. साहेब नवीन होते. त्यांनी दाव्याचं वर्ष वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मंजूर लिहिलं.

गेल्या सोमवारी मी पिंजऱ्यात उभा राहिलो. चाळीस वर्षं त्या इमारतीबाहेर काढली, पण आत जाऊन शपथ घ्यायची वेळ पहिलीच. आपल्या वकिलांनी विचारलं ते सगळं मी सांगितलं. ताडपत्री, स्टूल, अण्णांची वर चढत गेलेली सही, दुसऱ्या दिवशीची दुपार. नरहरदादानं पाणी पाजलं तेही सांगितलं. तो आता अंथरुणाला खिळून आहे, त्यानं ऐकलं नसेल, पण प्रशांतनं मान खाली घातली. तेवढं पाहून मला वाटलं, झालं.

मग समोरचा वकील उठला. त्यानं आवाज अजिबात चढवला नाही. दाखल्यावर तारीख वेगळी कशी, विचारलं. मी म्हणालो, रजिस्टरात तशी लागली. रजिस्टरात नाव कुणी दिलं? आक्का पहिल्या बाकावर पदर हाताला गुंडाळून बसल्या होत्या. मला दम लागला होता, साहेबांनी पाणी द्यायला सांगितलं. मी पाणी प्यालो, ग्लास ठेवला आणि म्हणालो, "दिगंबरनं दिलं. सही त्याची आहे." टायपिस्टनं ते टाईप केलं. तुझं नाव त्या कळांवर पडताना मी ऐकलं, दिगंबर. इतक्या वेळा मी तुझं नाव टाईप केलंय, इतका आवाज कधी आला नव्हता.

त्यानंतर त्यानं ते शपथपत्र काढलं. इतक्या वर्षांनी दोन्ही कागद एका टेबलावर आले. कुणी टाईप केलं, विचारलं. मी म्हणालो, मी. मजकूर खोटा आहे हे तेव्हा माहीत होतं? होतं. तरी टाईप केलं? हो. मग तो चष्मा काढून म्हणाला, "मित्रासाठी तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत. मग त्याच्या बहिणीसाठी आज खरं बोलताय, हे कोर्टानं कशावरून मानायचं?"

तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली. साहेबांनी लिहून घेतलं, उलटतपास अपुरा, पुढील तारीख उन्हाळी सुट्टीनंतर. मी सही केली. बाहेर आल्यावर आपल्या वकीलसाहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मुनीरभाई, जपा. उलटतपास पुरा व्हायच्या आधी साक्षीदाराचं काही झालं, तर ते म्हणणार ही साक्ष विचारातच घेऊ नका." म्हणजे तुझं नाव मी घेतलं ते फुकट जाऊ शकतं. तुझी अब्रूही गेली आणि घरही गेलं, असं होऊ शकतं. आक्का मागं उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. जिन्याशी आल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "सावकाश उतर." मला माफ केलं की साक्षीदाराला धरलं, ते मला कळलं नाही. मी त्यांना विचारणारही नाही.

वकिलाच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी रोज शोधतो. सुट्टीनंतर उभा राहिलो की सांगीन की साहेब, तेव्हा माझा मित्र जिवंत होता, त्याला वाचवायचं होतं. आता तो नाही. मला त्याला वाचवता आलं नाही, म्हणून खरं बोलतोय. मानायचं तर माना.

तोवर मला राहिलं पाहिजे. सकाळी गोळ्या, दुपारी झोप, चढ चढायचा नाही, जड काही उचलायचं नाही. डॉक्टर म्हणाले, मनावरही काही घेऊ नका, जोरानं हसू नका, रडूही नका, छातीला ताण चालणार नाही. तू गेल्यापासून मी एकदाही रडलेलो नाही. लोकांना वाटतं, मुनीर घट्ट आहे. दिगंबर, तुझ्यासाठी मला पोटभर रडायचं आहे. उलटतपास होऊ दे. मग रडतो.